भरती, ग्रहण, ऋतू: आमच्या किनाऱ्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजयदुर्ग खाडीच्या काठी आमचं गाव. शाळेतली मुलं आणि सुट्टीत आलेले पाहुणे यांना घेऊन आम्ही संध्याकाळी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, बसतो, पाणी बघतो, अंधार पडला की आकाश बघतो. प्रश्न दर वेळी बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. वाचताना एक गोष्ट मनात धरा: यातल्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी कुठला तरी वाकडेपणा आहे. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि चंद्राची वाटही कललेली आहे. या दोन वाकड्या रेषा नीट समजल्या की घोकायला फारसं काही उरत नाही.

भरतीची वेळ पंचांगावरून खरंच काढता येते का?

येते, आणि घरातल्या दिनदर्शिकेवरूनही येते. आजची तिथी बघा, तिची पाऊणपट करा. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनच्या सुमारास भरती, तशीच पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, हिशेब तोच. भरतीला सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, जिला आमच्याकडे सुकती म्हणतात.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर याचा फार उपयोग होतो. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास सुकती. नऊला निघा आणि पाणी वळायच्या आत परत या. तरीही तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका. हा हिशेब अंदाजाचा आहे, जीव ओवाळून टाकण्याइतका पक्का नाही.

हा पाऊणपटीचा हिशेब आला कुठून?

चंद्राच्या चालीतून. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र त्याच दिशेने थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा डोक्यावर आणायला पृथ्वीला सुमारे ५० मिनिटं जास्त फिरावं लागतं. म्हणून चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा, आणि भरती रोज तेवढी उशिरा. दोन भरत्यांमधलं अंतर १२ तास २५ मिनिटं.

तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या कोनाची १२ अंशांची एक पायरी. पंधरा तिथ्यांत भरती घड्याळाचे बारा तास सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. जुन्या माणसांनी तोंडी हिशेबाला सोपं म्हणून ४५ मिनिटं, पाऊण तास धरला. नियमात थोडी चूक राहते ती इथेच, पण ज्याला बैलगाडी खाडी ओलांडायच्या नावेपाशी, तरीवर, वेळेत पोचवायची होती त्याला तेवढी चूक चालत होती. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. आकाशातला कोन बोटांवर मोजून त्यातून पाण्याची वेळ काढणं हे विज्ञानच आहे, मग ते शिकवणाऱ्याच्या अंगावर डगला नसला तरी.

मुंबईत आणि मालवणात भरती एकाच वेळी येते का?

नाही. आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवण-देवगडला पाणी आधी भरतं, मुंबईला नंतर. खाडीत जितकं आत जाल तितका आणखी उशीर. तोंडाशी पाणी उतरायला लागलं तरी आतल्या गावात अजून चढत असतं. म्हणून पाऊणपटीच्या वेळेला आपल्या गावची दुरुस्ती लावायची. चार दिवस एकाच दगडाकडे घड्याळ घेऊन बघा, ती दुरुस्ती तुमची तुम्हाला सापडेल.

चंद्र तर एकाच बाजूला असतो, मग दिवसात दोन भरत्या कशा?

हा प्रश्न विचारणारं मूल नीट विचार करतंय असं समजावं.

चंद्र पाणी उचलून घेतो असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं. चंद्राची ओढ पृथ्वीच्या इंचाइंचावर आहे, पण सगळीकडे सारखी नाही. चंद्राच्या बाजूचं पाणी जवळ, त्याच्यावर ओढ जास्त. पृथ्वीचा मध्य त्याहून लांब, त्याच्यावर कमी. पलीकडच्या बाजूचं पाणी सगळ्यांत लांब, त्याच्यावर सर्वांत कमी. म्हणजे अलीकडचं पाणी पृथ्वीच्या पुढे ओढलं जातं, आणि पलीकडचं पाणी मागे राहतं, कारण त्याच्यापेक्षा पृथ्वीच जास्त ओढली जाते. फुगवटे दोन, आणि पृथ्वी फिरताना आपण दोन्हींखालून जातो.

भरती घडवतो तो हा ओढीतला फरक. तो पृथ्वीच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक कोटीवा हिस्सा. इतक्या थोड्या जोरावर समुद्र हलतो, कारण तो जोर पाण्याला आडवा ढकलतो आणि हजारो किलोमीटरवरचं पाणी एकत्र गोळा होतं. तुमच्या तांब्यातल्या पाण्याला किंवा विहिरीला भरती दिसत नाही ती यामुळेच.

प्रत्यक्षात समुद्राला जमिनीचे काठ आहेत, तळ उंचसखल आहे. त्यामुळे फुगवटा पृथ्वीभोवती मोकळा फिरत नाही. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा डचमळतो आणि चंद्र त्याला ताल देतो.

उधाण आणि भांग म्हणजे काय?

सूर्यही भरती आणतो, चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी, सुमारे ४६ टक्के. सूर्य वजनाने कितीतरी मोठा, पण फार लांब. आणि ओढीतला फरक अंतराच्या घनाने घटतो, म्हणून इथे चंद्र जिंकतो.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी, चंद्र एका ओळीत येतात, दोघांची ओढ एकत्र होते. तेव्हा भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते. ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघे काटकोनात असतात, एक दुसऱ्याचं काम खातो. पाणी ना धड चढत, ना धड उतरत. तो भांग. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लावणारा असो की खडकावरची कालवं (शिंपले) काढायला जाणारी बाई, दोघांचा महिना या दोन शब्दांवर चालतो.

बारकावा असा की सर्वांत मोठं उधाण पौर्णिमेच्या दिवशी नसतं, एक-दोन दिवसांनी येतं. समुद्र जड आहे, तालाला प्रतिसाद द्यायला त्याला वेळ लागतो. द्वितीयेला जाऊन बघा.

पाणी सहा तास एकाच वेगाने चढतं का?

नाही, आणि हे ठाऊक नसल्याने माणसं अडकतात. चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. भरती-ओहोटीतला फरक २.४ मीटर असेल तर पहिल्या तासात फक्त २० सेंटीमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात ६०-६० सेंटीमीटर. पहिला तास बघून माणूस निर्धास्त होतो. पुढचे दोन तास त्याला गाठतात.

माझ्यावर ही वेळ आलेली आहे. पुतण्याला घेऊन मी खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर, कालवं दाखवायला गेलो होतो. सुकती पूर्ण होती, खळग्यांत खेकडे, शंख, समुद्रफुलं. पोरगा इतका रमला की मीही घड्याळ विसरलो. समुद्राकडे बघत होतो, तिकडे पाणी लांबच दिसत होतं. पण खडप आणि पुळण यांच्यामध्ये एक सखल चर आहे, आणि पाणी आधी तिथे भरतं. किनाऱ्यावरून एका म्हाताऱ्याने हात हलवून ओरडून सांगितलं, "पाणी भरूक लागला!" वळून बघतो तर पाठीमागचा चर मांडीपर्यंत आला होता. पुतण्याला खांद्यावर घेतलं, पायाखालचं काही दिसत नव्हतं, दगडाच्या कडांनी दोन्ही घोटे कापले. अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर त्याला घेऊन पोहावं लागलं असतं. तेव्हापासून खडपावर जाताना मी पाठीमागच्या चरातला एक दगड खूण म्हणून धरतो आणि तो भिजला की निघतो.

मुंबईत पाच मीटरची भरती आणि आमच्याकडे एवढीशी का?

किनाऱ्याच्या आकारामुळे. मुंबईकडे उथळ समुद्रतळ रुंद आहे, आणि त्यापुढे खंबातचं आखात नरसाळ्यासारखं अरुंद होत जातं. दक्षिणेकडून आलेली लाट त्यात कोंडली जाऊन उंच होते. गोव्यात उधाणाचा फरक दोन-सव्वादोन मीटर, मुंबईत पाचच्या घरात, आणि भावनगरला दहा मीटरच्या वर. चंद्र सगळ्यांवर तोच, जमीन वेगळी.

बातमीत "४.९ मीटरची भरती" म्हणतात, म्हणजे रस्त्यावर तेवढं पाणी?

नाही. ती उंची जवळपास सर्वांत खोल ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते, तुमच्या अंगणापासून नव्हे. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याच्या पातळीची नोंद आहे. अशा लांबलचक नोंदींवरूनच पुढच्या वर्षांची कोष्टकं काढता येतात. भारतीय सर्वेक्षण विभाग ती दर वर्षी छापतो.

बातम्यांमधल्या पावसाळी भरत्या जवळजवळ सगळ्या भर दुपारच्या असतात. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, कारण चंद्र-सूर्य विषुववृत्तावर नेमके नसून कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला असतात. पावसाळ्यातल्या उधाणाला दिवसाची भरती चढी असते, हिवाळ्यात रात्रीची. हाही वाकडेपणाचाच खेळ.

भरतीमुळे पूर येतो का?

भरती एकटी पूर आणत नाही, पण पुराला जायला वाट देत नाही. सह्याद्रीतून उतरणाऱ्या कोकणातल्या नद्या आखूड आणि उतरत्या, काही तासांत पाणी खाडीच्या तोंडाशी. तिथे त्या वेळी उधाण असेल तर पाणी तुंबतं. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडालं तेव्हा मुख्य कारण घाटावरचा अफाट पाऊस हेच होतं, पण पौर्णिमा दोन दिवसांवर होती. खाडीकाठच्या गावाने पावसाळ्यात हवामानाच्या इशाऱ्याबरोबर तिथीही बघावी, असं मी आग्रहाने सांगतो. रेड अलर्ट आणि चतुर्दशी एकत्र आली तर गुरं आणि भाताची पोती आदल्या संध्याकाळीच वर हलवा.

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून उकडतं ना?

उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, म्हणजे नेमकी आपण पहाटे शेकोटी पेटवतो तेव्हा. सर्वांत लांब असते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५ कोटी २१ लाखांवर. अंतराने ऋतू होत असते तर साऱ्या जगाला एकाच वेळी उन्हाळा आला असता. ऑस्ट्रेलियात डिसेंबरात उन्हाळा असतो, एवढं एक उदाहरण पुरे.

ऋतू होतात ते आस सुमारे २३.४ अंश कललेला असल्यामुळे. आस अवकाशात एकाच दिशेला रोखलेला राहतो आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते. म्हणून सहा महिने उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला, सहा महिने दक्षिण. झुकलेल्या बाजूला ऊन सरळ पडतं आणि दिवस मोठा असतो.

आमच्या अंगणात हे काठीने दिसतं. एक मीटरची काठी उभी रोवा. २१ डिसेंबरच्या माध्यान्ही तिची सावली उत्तरेला ८४ सेंटीमीटर पडते. २१ जूनला, ढग हटले तर, फक्त १२ सेंटीमीटर, आणि तीही दक्षिणेला. जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला गेलेला असतो. उत्तरेकडच्या पडवीत वर्षभर ऊन येत नाही, ते त्या दिवसांत भर दुपारी उंबऱ्यापाशी येऊन टेकतं.

समुद्रावर सूर्य मावळण्याची जागाही सरकते. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते. डिसेंबर आणि जून यांच्या सूर्यास्तांत आमच्या क्षितिजावर जवळजवळ पाच मुठींचं अंतर पडतं. एक ठरलेली जागा घ्या आणि दर पंधरा दिवसांनी सूर्य कोणत्या माडामागे किंवा कोणत्या टोकावर बुडतो ते लिहून ठेवा. वर्षभराची ही वही पुस्तकातल्या आकृतीपेक्षा जास्त शिकवते.

सावली नाहीशी होते तो दिवस कोणता?

सूर्य बरोबर डोक्यावर येतो असे दिवस वर्षात दोन. आमच्याकडे ५-६ मेच्या सुमारास आणि परत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मुंबईला मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी. वेळ मात्र बाराची नाही. भारताचं घड्याळ पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं असल्याने मे महिन्यात आपला खरा माध्यान्ह साडेबाराच्या थोडा पुढे असतो. तांब्या उपडा ठेवला की त्याच्याभोवती सावलीची कडसुद्धा दिसत नाही. ऑगस्टचा दिवस बहुतेक वेळा ढगांत जातो, तेव्हा मे सोडू नका.

मग जूनमध्ये दिवस सर्वांत मोठा असून मे जास्त का तापतो?

कारण जूनमध्ये पाऊस येतो. मार्चपासून जमीन तापत जाते, समुद्र मागे राहतो. सूर्याबरोबर पावसाचा पट्टा उत्तरेला सरकतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचे वारे तो पट्टा गाठायला विषुववृत्त ओलांडतात, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळून नैर्ऋत्येकडून आपल्यावर येतात. अरबी समुद्रावरचं बाष्प घेऊन ते सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, गार होतात आणि कोसळतात. किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, घाटमाथ्यावर आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त. सूर्य ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्रात जातो तेव्हा शेतकरी आकाशाकडे बघतो. म्हणजे पृथ्वी तिच्या वाटेवर अमुक ठिकाणी आली, हेच तो बघतो.

संक्रांतीपासून दिवस मोठा होतो, हे बरोबर?

दिवस मोठा व्हायला २१-२२ डिसेंबरनंतरच सुरुवात होते. मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या आसपास येते, कारण आपली रास ताऱ्यांवरून मोजली जाते आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, एका फेऱ्याला सुमारे २६,००० वर्षं. त्यामुळे ७२ वर्षांत एक अंश या हिशेबाने संक्रांत आणि खरं उत्तरायण एकमेकांपासून दूर गेली. सण चुकीचा नाही, तो ताऱ्यांशी इमान राखून आहे.

गणपती कधी ऑगस्टात, कधी सप्टेंबरात, असं का?

चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात, ऋतूंचं वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणून सण दर वर्षी अकरा दिवस अलीकडे येतात. २०२३ ला गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला. असंच चालू दिलं तर गणपती ऐन आषाढधारांत आणि पुढे उन्हाळ्यात गेला असता. म्हणून अधिक महिना घालून गाडी रुळावर आणायची, १९ वर्षांत सात वेळा. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, आणि चतुर्थी परत १४ सप्टेंबरला. मुंबईच्या चाकरमान्यांनी तिकिटं काढताना शिव्या द्यायच्या तर चंद्राला द्या, पंचांगकर्त्यांना नको.

विसर्जनाचंही सांगतो. दीड दिवसाचे गणपती पंचमीला निघतात. भरती पावणेचारला, आमच्याकडे त्याच्याही आधी. संध्याकाळी सहा-सातला ओहोटीचे मधले तास असतात, पाणी आत सर्वांत जोरात ओढतं. कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका.

दर अमावास्येला सूर्यग्रहण आणि दर पौर्णिमेला चंद्रग्रहण का होत नाही?

यासाठी आम्ही नारळ आणि सुपारी घेतो. १२ सेंटीमीटरचा सोललेला नारळ म्हणजे पृथ्वी. त्या मापाने चंद्र सव्वातीन सेंटीमीटरचा, चांगली मोठी सुपारी. आता अंतर विचारा. बहुतेक जण सुपारी नारळाच्या हातभर अंतरावर धरतात. खरं अंतर नारळाच्या तीसपट, म्हणजे ३ मीटर ६० सेंटीमीटर. पुळणीवर पावलं मोजून सुपारी ठेवली की मुलं गप्प होतात. सूर्य या मापाने तेरा मीटरचा आणि जवळजवळ दीड किलोमीटर लांब, पार तिकडे बंदरापलीकडे.

चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशी सुमारे ५ अंश कललेली आहे. नारळाच्या मापात सुपारी कधी ३२ सेंटीमीटर वरून जाते, कधी तेवढीच खालून. तिथे नारळाची गडद सावली नऊ सेंटीमीटरपेक्षाही बारीक असते. चुकणारच. चंद्र वाटेच्या छेदनबिंदूजवळ असताना नेमकी पौर्णिमा किंवा अमावास्या आली तरच ग्रहण. असे दिवस वर्षात साधारण दोनदा येतात, आणि लहानमोठी धरून वर्षाला चार ते सात ग्रहणं होतात.

सूर्यग्रहणात सुपारीची गडद सावली नारळावर फार तर तिळाएवढा ठिपका पाडते. तो ठिपका आपल्या गावावरून जाणं हे भाग्य. चंद्रग्रहण मात्र रात्र असलेल्या अर्ध्या जगाला दिसतं. म्हणून चंद्रग्रहणं आपण पुष्कळ पाहिलेली असतात, आणि खग्रास सूर्यग्रहण बहुतेकांनी एकही नाही.

राहू-केतू मग खोटे?

राहू आणि केतू म्हणजे ते दोन छेदनबिंदूच. राक्षसाची कथा कथेच्या जागी. इसवी सन ४७६ मध्ये जन्मलेल्या आर्यभटाने चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला, असं स्वच्छ लिहिलं आहे. हे बिंदूही मागे सरकतात, १८.६ वर्षांत एक फेरी.

ग्रहणात चंद्र लाल का होतो?

पृथ्वीच्या कडेने वाकून गेलेला प्रकाश त्याच्यावर पडतो, आणि हवेतून लांबून आल्यामुळे त्यातला निळा गळून गेलेला असतो. रोज संध्याकाळी समुद्रावर पडतो तोच हा तांबूस प्रकाश.

कधी खग्रास, कधी कंकणाकृती?

चंद्र कधी ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर येतो, कधी ४ लाख ६ हजारांवर जातो. लांब असताना तो लहान दिसतो, सूर्य पुरा झाकत नाही, कडेला कंकण उरतं. २६ डिसेंबर २०१९ ला केरळात ते दिसलं, कोकणात त्या सकाळी खंडग्रास होतं.

ग्रहणाच्या दिवशी भरती जास्त येते का? आणि ग्रहण पाळायचं का?

ग्रहण अमावास्या-पौर्णिमेलाच होतं, म्हणून उधाण असतंच. ग्रहणामुळे वेगळं काही चढत नाही.

पाळण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सावली पडल्याने अन्न नासत नाही, पाणी बाटत नाही, गरोदर बाईच्या बाळाला काही होत नाही. तिला तासन्तास उपाशी आणि बसवून ठेवण्याने मात्र त्रास होतो. घरातल्या थोरल्यांची श्रद्धा असेल तर त्यांच्याशी वाद घालू नका, पण तिला पाणी द्या. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. त्यासाठीचा खास चष्मा वापरा, नाहीतर झाडाखाली जा. पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारा प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा होतो.

विजयदुर्गला हेलियमचा शोध लागला हे खरं का?

हा आमच्या अभिमानाचा विषय आहे, म्हणून नीट सांगायला हवा. दर वर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन होतो, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ मध्ये इथल्या "साहेबाच्या ओट्या"वरून शोध लावला असं सांगितलं जातं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून गेलं हे खरं. त्या दिवशी जमखंडीला जॉन हर्शेल आणि गुंटूरला फ्रान्सचे जान्सन दुर्बिणी आणि वर्णपटदर्शक (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं उपकरण) लावून बसले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये सोडियमच्या रेषेजवळची एक पिवळी रेषा निरीक्षकांना दिसली. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. ग्रहण नसतानाही त्या ज्वाळा पाहण्याची युक्ती त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला तिथूनच साधली, आणि ती रेषा सोडियमची नाही हे ओळखलं. मूलद्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं. पृथ्वीवर ते विल्यम रॅमसे यांना १८९५ मध्ये सापडलं.

लॉकियर विजयदुर्गला आले, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. नौदलाच्या माणसांसह त्यांनी इथे निरीक्षणं केली आणि ती प्रसिद्ध झाली. तीस वर्षांच्या अंतराची दोन ग्रहणं लोकांच्या बोलण्यात एक झाली. ओट्यांचं नातं मला तरी १८९८ शीच जुळतं असं वाटतं. याने किल्ल्याचं मोल कमी होत नाही. ज्याने हेलियम ओळखला तो माणूस आपल्या किल्ल्यावर चंद्राच्या सावलीखाली उभा राहिला, ही खरी गोष्ट मुलांना सांगायला पुरेशी मोठी आहे.

चंद्र आपल्यापासून दूर चाललाय का?

हो, वर्षाला ३.८ सेंटीमीटर. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर सोडून हे मोजलं जातं. कारण भरतीच. समुद्राचे फुगवटे चंद्राच्या थोडे पुढे ओढले जातात, ते चंद्राला पुढे रेटतात आणि पृथ्वीचं फिरणं मंदावतं. आपला दिवस शतकाला साधारण दोन मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांतले दोन भाग, वाढतो.

पुढचं बघण्यासारखं ग्रहण कोणतं?

२ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये सहा मिनिटांहून मोठं खग्रास आहे. आपल्याकडे ते दुपारनंतर खंडग्रास, पण आषाढाच्या ढगांचा भरवसा नाही.

मी वाट बघतोय ती ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्रीची. आकाश स्वच्छ असण्याचे दिवस, आणि चंद्र माथ्याकडे चढलेला. पावणेदहाच्या सुमारास तो पुरा सावलीत जाईल, अकरापर्यंत लाल राहील, आणि नवं वर्ष लागता लागता ग्रहण सुटेल. त्या रात्री किनाऱ्यावर गर्दी असणार. हॉटेलवाल्यांनी तासभर दिवे मालवले तर पाहुण्यांना लाल चंद्राभोवती हिवाळ्यातले सगळे तारे दिसतील. आणि खुर्च्या पुळणीवर खाली मांडू नका. पौर्णिमा आहे, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आमच्याकडे साडेदहालाच पाणी वर आलेलं असेल.